यशया 54 आणि पॉलर्सपरी गावचा विल्यम



आजचा वाचनभाग : यशया 54:1-8

तंबूची जागा मोठी कर, दोर लांब कर, खुंट्या घट्ट ठोक, अशा अर्थाची दोन वचनं या भागात आहेत. मिशनरी रविवार आला की ती वाचली जातातच. संडे स्कूलमध्ये शिकलेल्या बहुतेकांना हेही माहीत असतं की विल्यम केरींनी 31 मे 1792 रोजी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला याच दोन वचनांवर उपदेश केला आणि तिथून आधुनिक मिशनकार्याची सुरुवात झाली. मीही लहानपणी फ्लॅनेल बोर्डवर हे चित्र पाहिलंय. चपला शिवणारा माणूस, मागे भिंतीवर जगाचा नकाशा.

आज मात्र मला तुम्हाला त्या माणसाच्या गावात न्यायचंय. तिथे गेल्यावर या अध्यायातलं सहावं वचन माझ्यापुढे आलं, आणि अजून ते नीट पचलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी मी कामासाठी वर्षभर मिल्टन कीन्सला ऑनसाइट होतो. तिथून ए-5 रस्त्याने टाउस्टरच्या दिशेने निघालं की अर्ध्या तासाच्या आत पॉलर्सपरीचा फाटा येतो. रस्ता सरळसोट. सरळ का, तर तो रोमन लोकांनी आखलेला वॉटलिंग स्ट्रीट आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. एका शनिवारी दुपारी सहज म्हणून गेलो. सहज म्हणतो, पण मनात केरी होतेच.

गाव नॉर्थॅम्प्टनशायरमधलं, लहान. दगडी घरं, कुंपणं, मधूनच एखादा घोडा. परी म्हणजे आपली परी नव्हे हं. जुन्या इंग्रजीत नासपतीच्या झाडाला जो शब्द होता त्याचं हे रूप. आणि पॉलर हा पाव्हेली नावाच्या नॉर्मन घराण्याच्या नावाचा गावकऱ्यांच्या तोंडी झालेला अपभ्रंश. म्हणजे पाव्हेलींची नासपती. शेजारच्या गावाचं नाव पॉटर्सपरी, कुंभारांची नासपती. मला हे फार आवडलं. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, चिंचवड असतात तसंच.

गावाचं चर्च संत याकोबाच्या नावाचं. मध्ययुगातलं, जाड भिंतींचं, बुटक्या मनोऱ्याचं. आत गेलं की थंड दगडाचा वास येतो. तिथे ओकच्या लाकडात कोरलेले एक सरदार आणि त्याची पत्नी शेजारी शेजारी झोपलेले आहेत. ही चौदाव्या शतकातली पाव्हेली मंडळी. संगमरवरासारख्या दगडात कोरलेली समाधीशिल्पं आपण पाहिलेली असतात, पण लाकूड सातशे वर्षं टिकावं याचं नवल वाटतं. दुसरीकडे सर आर्थर थ्रॉकमॉर्टन यांचं मोठं स्मारक आहे. हे प्रसिद्ध दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले यांचे मेहुणे. गाव लहान असलं तरी वतनदार मोठे होते.

विल्यमचं घराणं यातल्या कुणाच्याही जवळपासचं नव्हतं. वडील एडमंड केरी विणकर होते. 17 ऑगस्ट 1761 रोजी विल्यमचा जन्म झाला आणि याच चर्चमध्ये त्या तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. तो सहा वर्षांचा असताना वडिलांना गावातली दोन कामं मिळाली, शाळामास्तरकी आणि पॅरिश क्लार्कची जागा. पूर्वी आजोबांकडेही हीच कामं होती. पॅरिश क्लार्क म्हणजे ऑफिसातला कारकून नव्हे. उपासनेत पाळकाच्या पाठोपाठ लोकांच्या वतीने प्रतिसाद द्यायचा, आमेन म्हणायचं, नोंदवह्या सांभाळायच्या. आपल्या मंडळीत एखादे काका असतात ना, पाळक बदलतात पण काका तेच, किल्ल्याही त्यांच्याकडेच, तसं काहीसं.

म्हणजे हा मुलगा चर्चच्या सावलीत वाढला. पवित्र शास्त्राचं वाचन त्याच्या कानांवर रोज पडत होतं. आणि मोठेपणी त्या दिवसांबद्दल त्याने जे लिहिलं ते वाचून मला हसूच आलं. आपण खोटं बोलायला, शिव्या द्यायला आणि घाणेरड्या गप्पा मारायला कुठे शिकलो, तर म्हणे चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या पोरांत, स्तोत्रं गाणाऱ्यांत, फुटबॉल खेळणाऱ्यांत आणि लोहाराच्या दुकानात बसणाऱ्यांत. यादीत पहिल्या दोन जागा चर्चच्याच माणसांच्या! आमच्या यूथ ग्रुपच्या क्वायरला हे मुद्दाम वाचायला द्यावं असं मनात आलं.

बाकी मुलगा हुशार होता. किडे, पक्ष्यांची अंडी, रानफुलं घरात आणून ठेवायचा. काका पीटर कॅनडाहून परत आले होते. ते माळी होते. त्यांच्याकडून झाडांचं वेड आणि समुद्रापलीकडच्या गोष्टी दोन्ही त्याला मिळालं. मित्र त्याला कोलंबस म्हणून चिडवायचे. शेतात काम करायची त्याची इच्छा होती, पण उन्हाने त्याची कातडी सोलवटायची. म्हणून चौदाव्या वर्षी त्याला सात-आठ मैलांवरच्या पिडिंग्टन गावी चांभाराकडे उमेदवारीला ठेवलं. ऊन सोसत नाही म्हणून सावलीतलं काम दिलेला हा मुलगा पुढे बंगालमध्ये चाळीस वर्षं राहिला.

पिडिंग्टनमधला एक प्रसंग फ्लॅनेल बोर्डवर नसतो. नाताळात उमेदवार पोरांना दुकानदार थोडी बक्षिशी देत. एका लोखंडी सामानवाल्याने विल्यमपुढे दोन नाणी धरली, सहा पेन्स घेतोस की शिलिंग? पोराने अर्थातच शिलिंग उचललं. नंतर कळलं, ते पितळेचं होतं. मालकाचे पैसे त्याच्याजवळ होतेच. त्यातलं चांगलं शिलिंग त्याने स्वतःला घेतलं आणि खोटं नाणं मालकाच्या पैशांत सरकवलं. आता घरी जाऊन खोटं बोलायचं होतं. वाटेत त्याने प्रार्थना केली. काय, तर देवा, एवढी एक थाप पचू दे, पुन्हा असं करणार नाही. थाप पचली नाही. मालकाने चौकशी केली, चोरी उघडी पडली. साऱ्या गावाला कळलंय असं वाटून तो तोंड लपवत फिरू लागला.

खोटं पचावं म्हणून केलेली प्रार्थना. मी असल्या किती केल्यात ते इथे लिहीत नाही.

त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. तो डिसेंटर, म्हणजे सरकारी चर्चच्या बाहेरच्या मंडळीचा. क्लार्कचा मुलगा म्हणून विल्यमला अशा लोकांचा तिटकारा होता. वादात तो जिंकायचा, आणि रात्री झोप लागायची नाही, कारण आतून माहीत असायचं की बरोबर वॉरच आहे. 1779 सालच्या फेब्रुवारीत राष्ट्रीय प्रार्थनेच्या दिवशी तो हॅकल्टनच्या छोट्या सभेत जाऊन बसला आणि परत फिरला नाही. चार वर्षांनी, 5 ऑक्टोबर 1783 रोजी, नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत त्याने विश्वासी म्हणून बाप्तिस्मा घेतला. याचा अर्थ असा की वडील ज्या चर्चमध्ये आमेन म्हणत होते, तिथल्या दगडी बाप्तिस्मापात्रातला आपला पहिला बाप्तिस्मा तो मानत नव्हता. आपल्यापैकी ज्यांनी घरचं चर्च सोडून दुसरी मंडळी धरली त्यांना हा घरातला ताण सांगायला नको. सुट्टीत घरी आला की तो कौटुंबिक प्रार्थना घेऊ लागे, आणि धाकट्या बहिणीला, मेरीला, याचा रागच यायचा. ती आणि तो पुढे फार जवळ आले. तिच्याबद्दल नंतर सांगतो.

लग्न याच्या आधीचं, 10 जून 1781. पिडिंग्टनच्या चर्चमध्ये. नवरा वीस वर्षांचाही नाही, नवरी डॉरथी प्लॅकेट त्याच्याहून पाचेक वर्षांनी मोठी. नोंदवहीत विल्यमने नाव लिहिलं. डॉरथीने फुली काढली. तिला लिहिता येत नव्हतं. त्या काळी त्या भागातल्या बहुतेक बायका लेस विणायच्या, शाळेत कोण पाठवणार? पुढे ज्याच्या हाताखाली चाळीसच्या आसपास भाषांत पवित्र शास्त्राचे भाग छापले गेले, त्याच्या लग्नाच्या नोंदीत बायकोची सही म्हणजे ती फुली.

इथून पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून भरभर सांगतो. पहिली मुलगी तापाने गेली, दोन वर्षांचीही नव्हती. त्याच तापात विल्यमचे केस गेले. मोल्टन गावी शाळा, चांभारकी आणि मंडळीची सेवा असं तिन्ही एकदम चाललं. पगार इतका कमी की घरात मांस क्वचित शिजायचं. 1787 मध्ये ते तिथले पाळक झाले (आता इथून त्यांना ते म्हणतो, आमच्या घरात केरींना कुणी अरेतुरे करत नाही), आणि त्याच वर्षी डॉरथीचाही बाप्तिस्मा त्यांच्याच हातून झाला. म्हणजे ती नुसती मागे मागे चालणारी नव्हती, तिचाही विश्वास होता. भिंतीवर कागद चिकटवून केलेला जगाचा नकाशा होता; त्यात प्रत्येक देशाची लोकसंख्या आणि धर्म लिहिलेले. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच हे सगळं चामडं ठोकता ठोकता शिकले. मग लेस्टर, मग 1792 चं पुस्तक, मग नॉटिंगहॅमचा उपदेश, आणि 2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंगमधल्या एका घरातल्या मागच्या खोलीत मिशन संस्था स्थापन झाली. वर्गणीचे आकडे पडले तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. एखाद्या स्टार्टअपची सीड फंडिंग म्हणावी तर तेवढीही नाही.

आता मी थांबणार आहे, कारण आपल्या गोष्टींमध्ये इथे वेग घेतात. केटरिंग, मग जहाज, मग कलकत्ता. मध्ये डॉरथी होती.

केरींनी स्वतःला भारतासाठी देऊ केलं तेव्हा तिला तीन मुलगे होते आणि चौथं पोटात होतं. ती आपल्या गावापासून फार लांब कधी गेलेली नव्हती. तिने नाही म्हटलं. पॉलर्सपरीला वडिलांनाही पोराचं डोकं फिरलंय की काय असं वाटलं, असं सांगतात. डॉरथी नको म्हणाली तरी केरी निघाले. थोरल्या फेलिक्सला सोबत घेतलं. बाकीची मुलं तिच्याजवळ. 1793 च्या एप्रिलमध्ये जहाजात चढलेही. पण त्यांच्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता. आइल ऑफ वाइटपाशी जहाज बरेच दिवस खोळंबलं आणि शेवटी त्यांना सामानासकट उतरवलं गेलं.

या खोळंब्यात मे महिन्यात इकडे डॉरथी बाळंत झाली. मुलगा, जाबेज. दुसऱ्या, डेन्मार्कच्या जहाजावर जागा मिळण्याची शक्यता निघाली तेव्हा केरी आणि त्यांचे सोबती डॉक्टर जॉन थॉमस तिच्याकडे आले. ओली बाळंतीण. तिने पुन्हा नाही म्हटलं. ते निघून गेले. वाटेत थॉमस एकटे माघारी फिरले आणि तिला म्हणाले की आता आली नाहीस तर तुमचं कुटुंब कायमचं तुटेल, आणि तुला आयुष्यभर पस्तावावं लागेल. तेव्हा ती हो म्हणाली. एकच अट, बहीण किटी बरोबर हवी. एका दिवसात घर आवरलं. 13 जूनला जहाज सुटलं. पाच महिन्यांनी कलकत्ता.

याला संमती म्हणायचं का? मी खूप विचार केला. मला नाही म्हणता येत.

बंगालमध्ये आधी पैसे संपले, मग सुंदरबनच्या कडेला झोपडी, मग मदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर नोकरी. हगवण सगळ्यांच्या मागे लागलेली. किटीचं लग्न झालं आणि ती वेगळी झाली. 1794 च्या ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा पीटर वारला. कबर खणायला आणि उचलायला माणसं मिळेनात, एवढे हाल झाले. त्यानंतर डॉरथीचं मन जे ढळलं ते परत सावरलं नाही. नवरा आपल्याशी बेइमान आहे असं तिच्या डोक्यात बसलं. ती त्यांच्या मागे रस्त्यावर जायची, लोकांसमोर आरोप करायची, एकदा तर सुरी घेऊन धावली. आज आपण याला मानसिक आजार म्हणू, औषध देऊ, समुपदेशन करू. तेव्हा उपाय एकच होता, खोलीत कोंडून ठेवायचं. वेड्यांच्या इस्पितळात मात्र केरींनी तिला पाठवलं नाही, मिशनच्या सोबत्यांच्या जवळच ठेवलं. हे असं 8 डिसेंबर 1807 पर्यंत चाललं. त्या दिवशी सेरामपूरला ती गेली. बारा वर्षं.

आणि त्या बारा वर्षांत केरींनी काय केलं, तर आपल्याशी थेट नातं असलेलंही काम केलं. 1801 पासून ते फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत होते, बंगाली आणि संस्कृत. 1804 पासून मराठीसुद्धा. पंडित वैजनाथ त्यांच्या हाताशी होते. 1805 मध्ये त्यांचं मराठी व्याकरण सेरामपूरला छापून निघालं, त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आलं. 1810 मध्ये मराठी कोश, त्यात मराठी शब्द मोडी खिळ्यांत. 1811 मध्ये नवा करार. त्यांनी ज्या सहा भाषांत संपूर्ण बायबल दिलं त्यात मराठी आहे. महाराष्ट्र मात्र त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिला नाही. खरं सांगायचं तर तो मराठी नवा करार इकडच्या लोकांच्या कानाला परका वाटला, आणि अमेरिकन मिशनने मुंबईत नव्याने भाषांतर करून 1826 साली आपला नवा करार छापला. आज आपण जे वाचतो त्यात केरींची वाक्यं शोधायला जाऊ नका. पण मराठी ख्रिस्ती शास्त्राच्या रेपॉझिटरीतले सुरुवातीचे कमिट कुणाचे, असं विचारलं तर नाव त्यांचं निघेल.

व्याकरणाचं साल पुन्हा पाहा, 1805. डॉरथी जिवंत होती. भाषांतराच्या खोलीशेजारच्या खोलीतून तिचा आरडाओरडा ऐकू येत असे आणि केरी पंडितांबरोबर काम करत राहत, असं त्यांच्या सोबत्यांच्या कुटुंबातल्या माणसाने लिहून ठेवलंय. मराठीतले काळ, विभक्ती आणि लिंगं एका खोलीत लावली जात होती. दुसऱ्या खोलीत पिडिंग्टनची ती बाई होती.

मला दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतात, देवाच्या कार्यासाठी असा त्याग करावाच लागतो. दुसरे म्हणतात, बायकोचं वाटोळं करणारा माणूस, त्याचं काय कौतुक. मला दोन्ही सोपं वाटतं. केरींनी तिला सोडून दिलं नाही, हे खरं. तिचं दोनदा सांगितलेलं नाही कुणी ऐकलं नाही, हेही खरं. स्वतःबद्दल ते एवढंच सांगत की मला फक्त नेटाने चालत राहता येतं. हाच गुण घेऊन ते 1812 च्या मार्चमध्ये छापखाना जळाला, वर्षांची हस्तलिखितं राख झाली, तेव्हा पुन्हा पहिल्या पानापासून बसले. आणि मला भीती वाटते की याच गुणाने ते तिच्या रडण्याजवळूनही चालत राहिले.

आता सहावं वचन. तुमच्या पवित्र शास्त्रात उघडून पाहा, मी इथे देत नाही. तंबूचे दोर लांब करायला सांगणारा तोच परमेश्वर चार ओळी खाली टाकलेल्या, मनाने दुःखी झालेल्या, तरुणपणीच्या पत्नीची गोष्ट काढतो. खरं तर सगळा अध्यायच एका बाईला उद्देशून आहे. तंबू तिचा आहे. नॉटिंगहॅमला दुसऱ्या आणि तिसऱ्या वचनावर उपदेश झाला. सहाव्यावर मीही कधी ऐकला नाही, ना दिला.

त्या शनिवारी पॉलर्सपरीच्या चर्चमध्ये लाकडी सरदार आणि त्याच्या बायकोसमोरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर हा अध्याय पुढे वाचत गेलो आणि तिथे अडकलो. कारण सांगतो. या ऑनसाइटची ऑफर आली तेव्हा मी मॅनेजरला आधी हो म्हटलं आणि बायकोला नंतर सांगितलं. मुलगी वर्षाची होती. रविवारी मंडळीत साक्ष दिली, परमेश्वराने दार उघडलं म्हणून. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. ही मागच्या बाकावर लेकराला थोपटत होती, तिला काही कुणी विचारलं नाही. मीही नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली होती, बघ तुला योग्य वाटतं तसं. आणि मी ते हो म्हणून धरलं. माझ्या बाबतीत डॉक्टर थॉमसची गरजसुद्धा पडली नाही.

मेरीबद्दल सांगायचं राहिलं. केरींची ही बहीण, घरात तिला पॉली म्हणत. पंचविशीतच तिला अर्धांगवायू झाला आणि जवळजवळ पन्नास वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. वाचाही बराच काळ गेलेली. उजवा हात तेवढा चालायचा. त्या हाताने ती उशांना टेकून भावाला पत्रं लिहायची, आणि बाकीचा वेळ त्याच्यासाठी प्रार्थना. केरीही तिला आणि वडिलांना आपल्या पगारातून पैसे पाठवत राहिले. वडील 1816 मध्ये वारले, पुन्हा भेट झाली नाही. केरी इंग्लंडला एकदाही परत गेले नाहीत. 9 जून 1834 रोजी सेरामपूरला त्यांचं देहावसान झालं. कबरीवर फक्त नाव, तारखा आणि आपण किती दीन आहोत हे सांगणारी एक स्तोत्रपंक्ती हवी, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. डॉरथीही त्याच गावच्या मातीत आहे.

चर्चमधून बाहेर आलो तर आवारातल्या गवतात डेझीची फुलं होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान, पांढरी. यांची एक गोष्ट केरींनीच लिहून ठेवलीय. सेरामपूरला त्यांची मोठी बाग होती. इंग्लंडहून एकदा बियाण्यांची पिशवी आली. बिया काढून झाल्यावर तळाला राहिलेली माती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ती बागेत एका सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तिथे डेझी उगवली. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी ते फूल पाहिलं नव्हतं, पुन्हा दिसेल अशी आशाही नव्हती. युरोप सोडल्यापासून इतका साधा आणि इतका मोठा आनंद आपल्याला दुसऱ्या कशाने झाला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. बंगालच्या उन्हात ते रोप वर्षानुवर्षं टिकत नसे, म्हणून दर हंगामात बी धरून नव्याने लावायचे. गावाची आठवण त्यांना येतच नसेल असं मला लहानपणी वाटायचं.

डॉरथीला असं काही पाहायला मिळालं नाही. ती फूल उगवण्याच्या कितीतरी आधी गेली होती.

मी तिथून घरी व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात रात्र झाली होती, मुलगी झोपली होती. मी बायकोला चर्च दाखवलं, फुलं दाखवली, आणि मग जे दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. तिने लगेच उत्तर दिलं नाही. मोबाइल भिंतीला टेकवून ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग बोलायला लागली, आणि माझी बॅटरी संपेपर्यंत बोलत होती. चार्जर गाडीत होता. मी गाडीकडे पळालो.

उद्याचा वाचनभाग : यशया 55